जिवाणूंची भाऊबंदकी: सगळ्यात जवळच्या नातेवाइकासाठी राखून ठेवलेलं विष

पेट्रीडिश

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "चांगले जिवाणू वाईट जिवाणूंना मारतात" असं लिहिलं होतं, तिथे उत्तर द्यायला गेलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा. ते वाक्य अर्धंच खरं आहे. जिवाणू एकमेकांना मारतात, सतत मारतात, पण त्यात चांगलं-वाईट काही नसतं आणि बहुतेक वेळा मारतात कुणाला तर स्वतःच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाला. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं विष लागू पडतं ते दुसऱ्या ई. कोलायला. स्यूडोमोनासचं दुसऱ्या स्यूडोमोनासला. शुद्ध भाऊबंदकी.

सुरुवात १९२५ सालची. बेल्जियममध्ये आंद्रे ग्रातिआ म्हणून शास्त्रज्ञ होता, त्याच्याकडे ई. कोलायचे दोन वाण होते, एक व्ही आणि एक फाय. व्ही ज्या द्रवात वाढला होता तो द्रव गाळून घेतला, म्हणजे आत एकही जिवाणू नाही, आणि तो फायला दिला तरी फाय वाढेना. म्हणजे व्ही बाहेर काहीतरी सोडत होता. फ्लेमिंगची बुरशी १९२८ ची, हे तिच्याही तीन वर्षं आधीचं, पण ग्रातिआचं नाव कुणाच्या कानावर असतं? पुढे १९४६ मध्ये त्याने आणि फ्रेडेरिकने अशा पदार्थांना कोलिसिन म्हटलं, आणि १९५३ मध्ये याकोब, ल्वॉफ वगैरे पॅरिसच्या मंडळींनी सगळ्याच जिवाणूंच्या असल्या विषांना मिळून बॅक्टेरिओसिन हे नाव दिलं.

कोलिसिनची सगळी यंत्रणा सहसा एका छोट्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या कड्यावर, मावते. तीन जनुकं. एक विषाचं, एक त्या विषापासून स्वतःला वाचवणाऱ्या प्रथिनाचं, आणि तिसरं पेशी फोडणाऱ्या प्रथिनाचं. हो, फोडणाऱ्या. बहुतेक कोलिसिनांना बाहेर पडायला दुसरा रस्ताच नाही, बनवणारी पेशी फुटते, मरते, आणि आतला साठा बाहेर येतो. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ना, ते इथे अगदी शब्दशः. (अवांतर: ग्रातिआचं ते पहिलं कोलिसिन व्ही मात्र यात बसत नाही. ते छोटं आहे, पेशी न फोडता पंपातून बाहेर जातं, म्हणून आता त्याला मायक्रोसिनमध्ये धरतात.)

तर प्रश्न दोन. नातेवाइकालाच का? आणि बनवणारा मरतो तर ही सवय टिकली कशी? माझ्याकडे पहिल्याचं उत्तर आहे, दुसऱ्याचं अर्धंमुर्धं. जाणकारांनी भर घालावी.

शंकासुर

वाचतोय. पण मला सांगा, हे अँटिबायोटिकच झालं ना शेवटी? अँटिबायोटिक पण जिवाणूच बनवतात बरेचसे. नाव वेगळं ठेवायचं कारण काय?

पेट्रीडिश

@शंकासुर, फरक बनवण्यात आहे आणि वापरण्यातही. स्ट्रेप्टोमायसिन सारखं अँटिबायोटिक बनवायला एन्झाइमांची रांगच्या रांग लागते, एकाने हा तुकडा जोडायचा, दुसऱ्याने तो छाटायचा. बॅक्टेरिओसिन म्हणजे सरळ प्रथिन किंवा पेप्टाइड, जनुक वाचलं, रायबोझोमने, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राने बनवलं, संपलं (काहींवर नंतर थोडी कलाकुसर होते ते सोडा). दुसरं म्हणजे पल्ला. अँटिबायोटिक दूरदूरच्या जातींवर चालतं, कोलिसिन आपल्याच कुळात.

आणि तिसरं म्हणजे मात्रा. एका पेशीला मारायला कोलिसिनचा एक रेणू पुरतो असं मारण्याच्या आलेखावरून दिसतं. काय करतो तो एक रेणू? कोलिसिन ई३ घ्या. तो आत जाऊन रायबोझोमच्या १६एस आरएनएमध्ये एका ठरावीक जागी एकच काप घेतो. रायबोझोम जागच्या जागी बंद, प्रथिनं बनणं बंद. आणि हा एन्झाइम आहे, एक रायबोझोम कापला की पुढच्याकडे. ई२ आणि ई९ डीएनएच कापतात. ई१, ए, आयए हे आतल्या पटलाला भोक पाडतात, पोटॅशियम बाहेर वाहून जातं आणि पेशीचा सगळा विद्युतभार उतरतो. कोलिसिन एम पेशीभित्तिकेचा कच्चा मालच तोडून टाकतो. कुळ एक पण मारायच्या तऱ्हा किती.

निवांत

धागा छान, पण "नातेवाइकालाच" हे जरा जास्त होतंय. निसिन काय मग? लॅक्टोकॉकसने बनवलेलं, ३४ अमिनो आम्लांचं इटुकलं पेप्टाइड, आणि क्लॉस्ट्रिडियम, लिस्टेरिया, स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) अशा वेगवेगळ्या जिवाणूंवर चालतं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने मान्य केलं, अमेरिकेत १९८८ मध्ये परवानगी, टिकाऊ पदार्थांच्या वेष्टनावर ई२३४ दिसलं तर ते हेच. ते कुठल्या अर्थाने भाऊबंद?

पेट्रीडिश

निसिन ग्रॅम पॉझिटिव्हांच्या, म्हणजे बाहेरचं पटल नसलेल्या जिवाणूंच्या, बाहेर जात नाही, ई. कोलायच्या बाहेरच्या पटलापाशीच अडतं. पण हो, त्या गटात ते पसरट चालतं, कारण त्याचं लक्ष्य लिपिड टू, म्हणजे पेशीभित्तिकेच्या विटा वाहून नेणारा रेणू, आणि तो सगळ्यांकडे सारखाच. कोलिसिनची गोष्ट वेगळी, तिथे लक्ष्यापेक्षा आत शिरायची जागा पल्ला ठरवते. रेणूवाला, आहात का? हे तुम्ही सांगा.

रेणूवाला

आहे आहे. मला तर या विषयात सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो.

कोलिसिनचं वजन ४० ते ८० हजार डाल्टन. ई. कोलायच्या बाहेरच्या पटलातल्या साध्या छिद्रांतून जेमतेम ६०० डाल्टनचा रेणू जातो. म्हणजे हा सरळ आत जाणं अशक्य. मग तो काय करतो, तर समोरच्याची जेवायची दारं पकडतो. ई. कोलायला बी१२ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, ते बाहेरून ओढायला पृष्ठभागावर बीटीयूबी नावाचं प्रथिन असतं. ई गटातली कोलिसिनं बरोबर त्याच प्रथिनावर बसतात. लोह ओढायला एफईपीए असतं, त्यावर कोलिसिन बी आणि डी बसतात. लोहाचंच दुसरं दार सीआयआर, त्यावर आयए. दारावर बसलं की पुढे विषाचं एक मोकळं टोक पटलातून आत सरकतं आणि आतल्या टॉल किंवा टॉन यंत्रणेला पकडतं, आणि मग समोरचीच पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करून त्या विषाला आत ओढून घेते.

आता नातेवाइकालाच का याचं उत्तर यातच आलं. ज्याच्याकडे तेच दार आहे तो तेच अन्न खाणार, आणि जो तेच अन्न खातो तोच खरा स्पर्धक. दूरच्या जिवाणूला मारून मिळायचं काय? त्याचं ताट वेगळं. लोहाचा दुष्काळ असला की जिवाणू लोहाची दारं वाढवतात, म्हणजे जितके भुकेले तितके त्या विषाला जास्त उघडे.

प्रतिकार येतो, नक्की येतो, पण फुकट नाही. बीटीयूबी बिघडवलं तर ई२ पासून वाचाल, बी१२ गेलं. टॉल यंत्रणा बिघडवली तर एकदम बऱ्याच कोलिसिनांपासून सुटका, पण मग बाहेरचं पटलच गळकं होतं आणि पित्तातले क्षार ज्यांना ई. कोलाय एरवी भीक घालत नाही तेच त्याला मारतात. आतड्यात राहणाऱ्याला हा सौदा कसा परवडणार?

राहता राहिलं स्वतःला वाचवणं. ई९ कोलिसिन आणि त्याचं रक्षक प्रथिन आयएम९ यांची मिठी ही प्रथिनांमध्ये आजवर मोजलेल्या सगळ्यात घट्ट बंधांपैकी आहे. विष बनतानाच रक्षक त्याला चिकटतो, जोडीनेच ते बाहेर पडतात, आणि समोरच्याच्या दारात शिरताना रक्षक गळून पडतो. भोक पाडणाऱ्यांचं रक्षक प्रथिन वेगळं, ते आतल्या पटलातच पहाऱ्याला बसलेलं असतं.

आडमुठा

सगळं ठीक, पण दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. बनवणारा मरतो. मेलेल्याला पोरंबाळं होत नाहीत. नैसर्गिक निवडीत असली गोष्ट पहिल्या फेरीतच बाद व्हायला हवी, जाहीर त्याग वगैरे जिवाणूंच्या गळ्यात मारू नका प्लीज.

गणितवेडी

@आडमुठा, त्याग कुणीच म्हणत नाहीये अजून :) पण तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर जागेत आहे.

आधी एक गोष्ट, सगळ्याच पेशी फुटत नाहीत. कोलिसिनचं जनुक लेक्सए नावाच्या दाबणाऱ्या प्रथिनाने बंद ठेवलेलं असतं. डीएनएला इजा झाली की पेशीचा एसओएस प्रतिसाद सुरू होतो, लेक्सए तुटतं, कोलिसिन बनतं. साध्या परिस्थितीत अगदी थोड्याच पेशी हे करतात, बाकीच्या त्यांच्या सख्ख्या, तोच प्लाझ्मिड बाळगणाऱ्या, आणि म्हणून विषापासून सुरक्षित. थोडे मरतात, त्यांच्याच जनुकाच्या प्रती वाचतात. पण हे चालायला एक अट आहे, मोकळी झालेली जागा आणि अन्न त्याच सख्ख्यांना मिळालं पाहिजे.

१९८१ मध्ये चाओ आणि लेव्हिन यांनी हेच तपासलं. हलवत ठेवलेल्या द्रवात विष बनवणारा वाण तेव्हाच जिंकतो जेव्हा सुरुवातीलाच तो शंभरात साधारण दोन तरी असतो. त्याच्या खाली असला तर संपतो, कारण विष सगळीकडे पातळ होतं आणि मेलेल्यांचं अन्न सगळेच खातात, फुकटे सुद्धा. पण तेच मऊ अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत), जिथे प्रत्येक वसाहत जागच्या जागी बसते, तिथे तो दहा लाखांत एक असला तरी वाढतो. कारण त्याच्या भोवती मेलेल्यांचं रिकामं कडं तयार होतं आणि त्या कड्यातलं अन्न त्याच्याच वसाहतीला मिळतं.

मग २००२ चा बेन केर आणि मंडळींचा प्रयोग, तो माझा लाडका. ई. कोलायचे तीन वाण. एक कोलिसिन ई२ बनवणारा, एक त्याला बळी पडणारा, एक प्रतिकार करणारा. बळी पडणारा सगळ्यात वेगाने वाढतो कारण त्याच्यावर कसलंच ओझं नाही. प्रतिकार करणारा त्याहून हळू, त्याची दारं बिघडलेली. बनवणारा सगळ्यात हळू, त्याला प्लाझ्मिड पण पोसायचा आणि काही पेशी फोडायच्या पण. तर बनवणारा बळी पडणाऱ्याला मारतो, बळी पडणारा प्रतिकारवाल्याला वाढीच्या वेगात मागे टाकतो, प्रतिकारवाला बनवणाऱ्याला मागे टाकतो. दगड, कागद, कात्री.

तिघांना फ्लास्कमध्ये हलवत ठेवलं तर बळी पडणारे लगेच मेले, मग प्रतिकारवाल्यांनी बनवणाऱ्यांना संपवलं, उरला एकच. तिघांना ताटलीवर आपापल्या ठिकाणी ठिपके देऊन ठेवलं आणि रोज तो नकाशा जसाच्या तसा नव्या ताटलीवर उतरवला, तर तिघेही टिकले. सीमा सरकत राहिल्या, पण संपलं कुणीच नाही. आणि ताटली असूनही उतरवताना मुद्दाम कालवलं तर परत फ्लास्कसारखंच. म्हणजे द्रव की अगार हा मुद्दा नव्हता, शेजार टिकतो की नाही हा होता.

आडमुठा

हे पटलं. पण उंदराच्या, माणसाच्या आतड्यात कोण नकाशा उतरवतं? ते तर ढवळलेलंच असणार.

गणितवेडी

पूर्ण ढवळलेलं नाही, घड्या असतात, चिकट थर असतो, खळगे असतात. २००४ मध्ये उंदरांच्या आतड्यात हेच त्रिकूट सोडून पाहिलंय कर्कप आणि रायली यांनी, तिथेही तसाच फेरा दिसला.

आणि तुमच्या "मेलेल्याला पोरंबाळं होत नाहीत" ला आणखी एक उत्तर. २०२० मध्ये ग्रनाटो आणि फॉस्टर यांनी दाखवलं की दोन वसाहती समोरासमोर आल्या की सीमेवरच्या पेशी मोठ्या संख्येने फुटतात, आतल्या नाही फुटत. का? सीमेवरच्या पेशींना समोरच्याच्या विषाचा मार आधीच बसलेला असतो. डीएनए कापला गेला, एसओएस वाजलं, कोलिसिन सुटलं. म्हणजे ज्या तशाही मरणारच होत्या त्या मरता मरता समोरच्यावर उलटतात. मरणारीला त्यासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही, म्हणून असलं वागणं टिकायला अवघड नाही.

आडमुठा

हे आधी सांगायचं की! मग त्याग हा शब्द माझ्याकडून कायमचा बाद, तुमच्याकडूनही करा.

अगारवाली

इतकी थिअरी झाली, आता ताटलीवर हे दिसतं कसं ते मी सांगते, कारण यात फसायच्या जागा खूप आहेत आणि "आमच्या जिवाणूने बॅक्टेरिओसिन बनवलं" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी त्या तपासलेल्याच नसतात. (निम्म्या हा माझा वैतागातला अंदाज आहे, मोजायला जाऊ नका.)

साधी पद्धत अशी. अगारच्या ताटलीवर बनवणारा वाण टूथपिकने टोचायचा, रात्रभर वाढू द्यायचा. मग क्लोरोफॉर्मची वाफ देऊन तो मारायचा, ताटली काचेची घ्यायची कारण प्लास्टिकची क्लोरोफॉर्मने धुरकट होऊन वितळते. वाफ पूर्ण उडून जाऊ द्यायची नाहीतर तीच पुढच्याला मारेल आणि तुम्ही विष सापडलं म्हणून नाचाल. मग मऊ अगार वितळवून ४५-५० अंशांपर्यंत थंड करायचं, त्यात ज्याच्यावर तपासायचं तो वाण मिसळायचा आणि पटकन वरून ओतायचं. रेंगाळलात तर ते नळीतच गुठळ्या धरतं आणि वरचा थर खडबडीत होतो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे दुधाळ थर, आणि टोचलेल्या ठिकाणाभोवती स्वच्छ गोल. कोलिसिनचा गोल काठाला अगदी चिरल्यासारखा असतो बऱ्याचदा.

आता फसायचं कसं ते. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतील तर तो गोल नुसत्या आम्लाचा असू शकतो, म्हणून द्रव न्यूट्रल करून परत बघायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड असू शकतं, म्हणून ते तोडणारं कॅटलेज घालून बघायचं. प्रथिन आहे का हे बघायला गोल जिथे येणार त्याच्या शेजारी ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचा थेंब ठेवायचा, प्रथिन असेल तर ट्रिप्सिनच्या बाजूने विष पचून जातं आणि त्या बाजूचा गोल खाल्ला जातो. तो अर्धवट गोल दिसला की मला बरं वाटतं.

सगळ्यात मोठा घोटाळा फाजचा, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूचा. त्याचाही गोल स्वच्छच दिसतो. त्यावर उपाय म्हणजे द्रव दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत थेंब ठेवत जायचे. फाज असेल तर पातळ केल्यावर थेंबाच्या जागी सुटे सुटे ठिपके येतात, कारण एकेक विषाणू आपापली वसाहत करतो. बॅक्टेरिओसिन असेल तर ठिपके नाहीत, पूर्ण गोलच हळूहळू फिका होत नाहीसा होतो, कारण विषाला पिल्लं होत नाहीत. आणि गोलातला अगारचा तुकडा कापून नव्या थरावर ठेवला, परत तसंच, परत तसंच, तर फाज प्रत्येक वेळी वाढतो, विष मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला संपतं.

विषाचं प्रमाण वाढवायचं असेल तर डीएनएला इजा करणाऱ्या मायटोमायसिन सी चा हलका डोस. वर गणितवेडीने सांगितलेलं एसओएस प्रकरण तेच. फक्त याने लपलेले फाज पण जागे होतात, म्हणजे आधीचा घोटाळा दुप्पट.

निसर्गमित्र

फार माहितीपूर्ण. मला नेहमी वाटतं की केमिकल अँटिबायोटिकांपेक्षा ही नैसर्गिक विषं किती चांगली! जिवाणूने स्वतः बनवलेलं, त्यामुळे शरीराला अपाय नाही आणि प्रतिकार पण तयार होत नाही. कंपन्यांना नको असतं म्हणून पुढे येऊ देत नाहीत.

डॉक_ओपीडी

@निसर्गमित्र, यातली एकही गोष्ट धरत नाही हो.

जिवाणूने बनवलं म्हणजे निरुपद्रवी हे कुठून आलं? बोटुलिनम कोण बनवतं? आणि बॅक्टेरिओसिनचंच उदाहरण हवं तर एन्टेरोकॉकस फीकॅलिसचं सायटोलायसिन घ्या. दोन पेप्टाइडांची जोडी, निसिनच्याच घराण्यातली, दुसऱ्या जिवाणूंना मारते आणि माणसाच्या तांबड्या पेशीही फोडते. पेनिसिलिन तरी कुठे कारखान्यात जन्मलं? बुरशीचंच आहे ते. प्रतिकाराचं रेणूवाला यांनी वर सविस्तर लिहिलंय.

मग औषध म्हणून का नाहीत? कटकारस्थान नाही, साध्या अडचणी आहेत. तोंडाने घेतलं तर पोटातली प्रथिनं पचवणारी एन्झाइमं तेही पचवतात. अगारवालींनी ट्रिप्सिनचा थेंब सांगितला ना, तो आपल्या आतड्यात कायम वाहत असतो. शिरेतून दिलं तर कोलिसिनसारख्या मोठ्या प्रथिनावर शरीर प्रतिपिंडं बनवणार. आणि पल्ला अरुंद असणं प्रयोगशाळेत गुण असला तरी ताप आलेल्या पेशंटसमोर ती अडचण असते, कारण कुठला जिवाणू आहे हेच आधी माहिती नसतं.

पण जिथे जिवाणू नक्की माहिती आहे आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही तिथे हाच अरुंदपणा सोन्यासारखा. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचा आजार बऱ्याचदा अँटिबायोटिकांनी आतड्यातले बाकीचे जिवाणू साफ केल्यामुळेच डोकं वर काढतो. त्याच्यावर थुरिसिन सीडी नावाचं बॅक्टेरिओसिन २०१० मध्ये सापडलं, आतड्यातल्या इतर रहिवाशांना जवळपास धक्का न लावता त्याला मारणारं. अजून गोळी म्हणून हातात नाही, पण दिशा मला पटते.

दुसरा रस्ता म्हणजे विष देण्याऐवजी विष बनवणारा जिवाणूच देणं. ई. कोलाय निस्ल १९१७, पहिल्या महायुद्धात जुलाबाची साथ असताना न आजारी पडलेल्या एका सैनिकाकडून आल्फ्रेड निस्लने वेगळा केलेला वाण, तो दोन मायक्रोसिनं बनवतो. ती लोहाच्याच दारांनी शिरतात, आणि २०१६ मध्ये उंदरांवर दिसलं की सुजलेल्या आतड्यात, जिथे लोहासाठी मारामार असते, तिथे या मायक्रोसिनांच्या जोरावर तो साल्मोनेलाला मागे रेटतो.

त्याच वर्षी नाकातलं एक प्रकरण गाजलं. स्टॅफिलोकॉकस लुगडुनेन्सिस ज्यांच्या नाकात होता त्यांच्यापैकी ५.९ टक्के लोकांमध्येच स्टॅफ ऑरिअस सापडला, ज्यांच्यात नव्हता त्यांच्यात ३४.७ टक्के. कारण लुगडुनिन नावाचं विष. ते रायबोझोमवर बनत नाही म्हणून पेट्रीडिश यांच्या व्याख्येत बसणार नाही, पण भाऊबंदकी तीच. आणि तो लुगडुनेन्सिस स्वतः काही संत नाही, हृदयाच्या झडपेला लागला तर वाईट आजार करतो. म्हणून चांगले-वाईट हे वर्गीकरण मीही टाळतो.

भालाफेक

सगळे द्रवात सोडलेल्या विषाबद्दलच बोलताय, हाताने मारणाऱ्यांना विसरलात. २००६ मध्ये व्हिब्रिओ कॉलरी आणि स्यूडोमोनासमध्ये सहावी स्रावयंत्रणा सापडली, हिच्यात एक लांब नळी आणि तिच्याभोवती आवळणारं आवरण असतं. आवरण काही मिलिसेकंदांत आखडतं आणि नळी टोकावरच्या विषासकट शेजारच्या पेशीत घुसते. नंतर आवरणाचे भाग सुटे करून परत वापरतात. इथे दार-बिर काही लागत नाही, शेजारी चिकटून असला की झालं, त्यामुळे दूरच्या जाती पण मरतात. कॉलऱ्याचा जिवाणू तर मारलेल्याचा डीएनए उचलून स्वतःत घालतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र खुनशी, सहसा आपण होऊन मारत नाही, पण ज्या बाजूने मार बसला बरोबर त्याच बाजूला उलटा मारतो.

आणि आर-पायोसिन. बनवतो स्यूडोमोनासच, पण दिसतं हुबेहूब फाजच्या शेपटीसारखं, डोकं नाही, आत डीएनए नाही. समोरच्याच्या पृष्ठभागावरच्या लिपोपॉलिसॅकराइडला पकडायचं, आखडायचं, आतल्या पटलापर्यंत भोक. मूळ कुठल्यातरी जुन्या फाजचंच, जिवाणूने फक्त हत्यार ठेवून घेतलं. बाहेर सोडायला इथेही पेशी फोडावीच लागते.

शंकासुर

मग हात असताना कोलिसिन कशाला ठेवतात? दोन्हीचा खर्च का?

भालाफेक

भाला पोचतो चिकटलेल्या शेजाऱ्यापर्यंत, कोलिसिन पसरून दूर जातं. गर्दी दाट असेल तर एक उपयोगी, विरळ असेल तर दुसरं. ज्यांना दोन्ही परवडतं ते दोन्ही ठेवतात.

मुळाशी

माझा विषय वनस्पतींचे रोग, आणि रेणूवाला यांच्या "जेवायची दारं" ला मी एक असं उदाहरण देतो की त्याच्यापुढे बी१२ फिकं पडेल.

अॅग्रोबॅक्टेरियम झाडाच्या मुळाशी, खोडाशी गाठी करतो. पद्धत अशी की तो स्वतःच्या टीआय प्लाझ्मिडमधला डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्या पेशी बेसुमार वाढतात आणि वर ओपाइन नावाचे पदार्थ बनवायला लागतात जे झाडाच्या काही कामाचे नाहीत, अॅग्रोबॅक्टेरियम मात्र ते खातो. म्हणजे झाडाला राबवून स्वतःपुरतं अन्न. त्यातलं एक ओपाइन अॅग्रोसिनोपीन, ते ओढून घ्यायची यंत्रणाही टीआय प्लाझ्मिडवरच.

ऑस्ट्रेलियात अॅलन केर यांना (वरचे बेन केर वेगळे) के८४ नावाचा निरुपद्रवी वाण मिळाला, गाठी न करणारा. तो अॅग्रोसिन ८४ बनवतो. हे प्रथिन नाही, छोटा रेणू आहे, पण त्याची घडण अशी की गाठी करणारा जिवाणू त्याला अॅग्रोसिनोपीन समजून आपणहून आत घेतो. आत गेल्यावर तो तुटतो आणि त्यातला विषारी भाग ल्युसीन जोडणारं एन्झाइम बंद पाडतो, म्हणजे प्रथिनं बनणं ठप्प. के८४ स्वतः कसा वाचतो? त्याच्या प्लाझ्मिडवर त्या एन्झाइमची दुसरी प्रत आहे जिला हे विष लागत नाही. १९७० च्या दशकापासून रोपांची मुळं के८४ च्या पाण्यात बुडवून लावायची पद्धत सुरू झाली आणि ती चालली.

पण भीती वेगळीच होती. अॅग्रोसिनचा प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. उद्या तो गाठी करणाऱ्यातच गेला तर शत्रूला विष पण मिळालं आणि संरक्षण पण. म्हणून १९८० च्या दशकात प्लाझ्मिडमधला फक्त दुसऱ्यात जायला लागणारा भाग कापून के१०२६ बनवला. विष तेच, संरक्षण तेच, फक्त हस्तांतर बंद. जनुकीय बदल करून बाहेर शेतात विकायला परवानगी मिळालेल्या पहिल्या जीवांमध्ये त्याची गणना होते.

आडमुठा

आणि प्रतिकार? गाठीवाला ते ओढायचं बंद करेल की.

मुळाशी

करतो. असे वाण सापडतात. पण ओढायची यंत्रणा टीआय प्लाझ्मिडवर आहे हे लक्षात घ्या. काहींनी तेवढी जनुकं बिघडवली, ते अॅग्रोसिनोपीनला मुकले. काहींनी अख्खा टीआय प्लाझ्मिडच टाकून दिला, ते वाचले खरे पण मग त्यांना गाठच करता येत नाही, त्यामुळे बागायतदाराला त्यांच्याशी काही देणंघेणं उरत नाही.

द्राक्षावर मात्र के८४ चा उपयोग होत नाही. तिथला गाठीवाला वेगळा, अॅग्रोबॅक्टेरियम व्हायटिस, आणि त्याचे बहुतेक वाण अॅग्रोसिनला दादच देत नाहीत.